मास्तरणीचे चार रविवार

एजंटबाईच्या ऑफिसात बायका फळ्यांवर लावून ठेवलेल्या असत. म्हणजे परदेशातून इथे बाळं सांभाळायला आलेल्या बायकांच्या फायली. भिंतीला तीन फळ्या, प्रत्येक फळी एका देशाची. वरच्या फळीवरच्या बायका हसतमुख, इंग्रजी बोलणाऱ्या, दर रविवारी सुट्टी घेणाऱ्या. मधल्या फळीवरच्या कामसू, जरा मुखदुर्बळ, महिन्याला दोन सुट्ट्या. आणि खालच्या फळीवरच्या गरीब स्वभावाच्या, उलट न बोलणाऱ्या, महिन्यातून एकदा बाहेर सोडलं तरी चालणाऱ्या. हे सगळं टाइप करून फळीच्या कडेला चिकटवलेलं होतं. कुठल्या बाईने किती बाळं वाढवली, हे बघायला मात्र फाइल उघडावी लागे, आणि तेवढे कष्ट घेणारं गिऱ्हाईक विरळा.

मास्तरीण खालच्या फळीवर होती.

ती उलट बोलत नाही असं छापलेलं वाचून काम नसताना ती राहायची त्या खोलीतल्या मुली पोट धरून हसायच्या. मास्तरीण हे नाव त्यांनीच ठेवलेलं. सुट्टीच्या दिवशी ती बागेत, पाण्याच्या टाकीमागच्या सावलीत, नव्याने आलेल्या मुलींना इथली लिपी शिकवायची. आधी स्वतःचं नाव, मग औषधाच्या बाटलीवरची सूचना, मग करारनामा. सही करताना कुठली ओळ बोटाखाली झाकून पुढे केली जाते, हे तिला बरोबर ठाऊक होतं. पण महिन्याला एकच तास. एका वर्गापासून दुसऱ्या वर्गापर्यंत मुली अर्धी अक्षरं विसरून यायच्या आणि ती कपाळाला हात लावायची.

सतरा वर्षांत सहा घरं आणि अकरा मुलं तिच्या हाताखालून गेली होती. सहावं घर दुसऱ्या देशात राहायला गेलं आणि मास्तरीण मोकळी झाली. नियम असा की काम सुटल्यावर तीस दिवसांत नवं घर मिळालं पाहिजे, नाहीतर गाशा गुंडाळून मायदेशी परतायचं. गावी लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. एकोणीस दिवस गेले होते.

विसाव्या दिवशी एजंटबाईने बोलावलं. "बस गं. तुझं काम झालं म्हणून समज. अकरा महिन्यांचं बाळ आहे, एका जागी ठरत नाही. अनुभवीच बाई हवी म्हणतात. फक्त एक आहे, त्यांना मधल्या फळीवरची हवीय."

"मग मधल्या फळीवरची द्या."

"त्या सगळ्या पोरसवदा आहेत सध्या. तूच जा ना मधली म्हणून. नाकीडोळी तशीच तर दिसतेस!"

"आणि कागद?"

"कागद मी भरते. कोण वाचतंय?"

मास्तरणीने तिच्याकडे रोखून पाहिलं. पहिल्या घरात ती अशीच दुसऱ्या देशाची म्हणून गेली होती, तीन वर्षं. तिथल्या धाकट्या मुलीला शाळेत 'आमच्या घरातली माणसं' असं चित्र काढायला सांगितलं होतं. पोरीने हिला काढलं, आणि हिच्या हातात झेंडा दिला. तीन तास बसून, रेघ न चुकवता रंगवलेला. परका झेंडा. निघताना पोरीने ते चित्र हिलाच भेट दिलं. ते तिला ठेवताही येईना आणि टाकताही येईना. तेव्हाच तिने कानाला खडा लावला होता.

"अशी बघू नकोस माझ्याकडे," एजंटबाई म्हणाली. "मी काय देश बनवते? गिऱ्हाईक मागतं तसं लावते मी."

"घर बघून येऊ," मास्तरीण म्हणाली. एजंटबाईने तो होकार समजून पर्स उचलली.

घर बाराव्या मजल्यावर होतं. आई इमारतींचे नकाशे काढणारी. रात्री झोप न मिळाल्याने डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वडील एक कान फोनला लावून बसलेले. सासूबाई सोफ्यावर मधोमध. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो गुंड्या टेबलाखाली टीव्हीचा रिमोट चघळत होता.

"कुठली म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं.

एजंटबाईने मधल्या फळीवरचा देश सांगितला.

"नाही," मास्तरीण म्हणाली. आणि आपल्या देशाचं नाव घेतलं, घराचा पत्ता सांगावा तसं, स्वच्छ.

एजंटबाईने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. सासूबाईंनी शेजारी पडलेली आपली पर्स हळूच मांडीवर ओढून घेतली. मास्तरणीने ते पाहिलं, आणि आपण पाहिलंय हे त्यांनाही दिसू दिलं.

"नाही म्हणजे, तिकडच्या बायका..." सासूबाई अडखळल्या.

"काय तिकडच्या बायका? बोला ना आजी, मलाही कळू दे."

"हात चलाख असतो म्हणे. आमच्या खालच्या मजल्यावर झाला होता प्रकार."

"ती बाई आमच्याकडची होती?"

"ते काही माहीत नाही. पण असणार!"

"आई!" सून म्हणाली.

"सहा घरांत राहिले मी," मास्तरीण म्हणाली. "सहाही घरांचे नंबर फाइलमध्ये आहेत. कुणालाही विचारा. चोरी नाही सापडणार. भांडणं सापडतील."

गुंड्याच्या आईने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोलला असतात तर काम आताच मिळालं असतं."

"मिळालं असतं. पण हा पोरगा बोलायला लागला की विचारणार, तू कुठली गं? तेव्हा काय सांगू?" एवढं बोलून तिने वाकून रिमोट काढून घेतला. गुंड्याने भोकाड पसरलं. तिने त्याला खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "माझी खोली कुठली?"

खोलीत कपडे धुवायचं मशीन होतं, इस्त्रीचं टेबल होतं, आणि उरलेल्या जागेत पलंग. "कपडे सकाळी आठनंतर लावायचे," ती म्हणाली. "याला रात्री मी जागून झोपवणार, मला पहाटे मशीनने उठवायचं नाही." दाराला आतून कडी आहे का, तेही तिने लावून पाहिलं.

वडिलांनी एव्हाना फोन ठेवला होता. "आमची हरकत नाही. पण मग सुट्टीही तुमच्या देशाप्रमाणेच. महिन्याला एक."

"चार रविवार."

"तुमच्यात एकच असते ना?"

"आमच्यात आठवडा सातच दिवसांचा असतो, साहेब."

आईला हसू फुटलं. वडिलांना नाही. "कळवतो," ते म्हणाले.

लिफ्टचं दार लागायच्या आत एजंटबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "नाक कापलंस माझं! चालून आलेलं घर! तिसाव्या दिवशी विमानतळावर सोडायला मी यायची नाही, सांगून ठेवते."

"नका येऊ. बस जाते तिथे."

तोंडाने बोलली खरी, पण खोलीवर आल्यावर तिने उरलेले दिवस बोटांवर मोजले. तिने लेकीला फोन लावला आणि दोन घंटा वाजायच्या आत बंद केला.

खोलीतल्या सहा पलंगांपैकी तिच्या वरचा पलंग धाकटीचा. धाकटी वरच्या फळीवरची, हसतमुख देशाची. तिचेही सध्या दोन घरांच्या मधले दिवस चालले होते. "ताई, दोन रविवार घे आणि गप बस की. पुढचं पुढे."

"तुला चार मिळतात. मागितले होतेस?"

"नाही. मिळाले."

"मग मी मागितले तर कुणाचं काय घोडं मारलं?"

धाकटीने पलंगावरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "माझे बाबा गेले ना, त्या आठवड्यात मालकीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडच्या बायका तर नेहमी हसतात, तुझंच काय बिनसलंय? माझ्या फाइलवर लिहिलंय गं तसं. हसतमुख."

मास्तरणीने वर हात करून तिचं पाऊल धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

चोविसाव्या दिवशी एजंटबाईचा फोन. "दोन रविवार म्हणतायत. देवासारखे भेटलेत."

"चार."

सव्विसाव्या दिवशी तीन. "आता ताणू नकोस, तुटेल."

"चार."

सत्ताविसाव्या दिवशी तिने बॅग भरली. लेकीसाठी घेतलेला रक्तदाब मोजायचा पट्टा कपड्यांच्या मधोमध ठेवला. वर्गातल्या मुलींच्या वह्या धाकटीच्या हवाली केल्या. "करारनाम्यापर्यंत पोचव त्यांना," म्हणाली. धाकटीचे डोळे भरले तशी खेकसली, "रडायला काय झालं? अक्षर सुधार आधी तुझं."

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. एजंटबाई नव्हती.

"गुंड्याची आई बोलतेय. मी तुमच्या सहाही घरांना फोन केले. एक बाई म्हणाल्या, तुम्ही फार वाद घालता."

"खरं आहे."

"दुसऱ्या एकीचा मुलगा मध्येच फोनवर आला. कॉलेजात आहे. म्हणाला, पोहायला तुम्ही शिकवलं त्याला. पाण्यात ढकलून."

"ढकललं नव्हतं. हात सोडला होता."

मग गुंड्याची आई म्हणाली, "चार रविवार. पण सासूबाई राजी नाहीत अजून."

"त्यांना राजी करणं माझं काम नाही, ताई. माझं काम बाळ."

करारनामा वाचायला मास्तरणीने चाळीस मिनिटं घेतली. एजंटबाई घड्याळाकडे बघून उसासे टाकत होती. 'साप्ताहिक सुट्टी मूळ देशानुसार' ही ओळ आली तशी मास्तरणीने पेन मागितलं, ओळीवर सरळ रेघ मारली, वर 'दर रविवारी' असं लिहिलं आणि बाजूला गुंड्याच्या आईवडिलांच्या सह्या घेतल्या. एजंटबाई म्हणाली, "आता बाकीच्याही शेफारतील."

"शेफारू देत."

पहिला रविवार उजाडला तो गुंड्याच्या किरकिरीने. दात येत होते. मास्तरणीने त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, हिरड्यांवर बोट फिरवलं आणि नऊ वाजता चपला घातल्या. गुंड्याची आई अंघोळीला गेलेली, वडील बाजारात. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आज नको जाऊस. बघतेस ना कसं करतोय ते?"

"बघतेय. म्हणून तुमच्याकडे देऊन चाललेय, आजी."

"आधीच्या बाईला कधी असं सुट्टीचं वेड नव्हतं."

"मग का गेली ती सोडून?"

मास्तरणीने गुंड्याला त्यांच्या कडेवर दिलं. त्यांनी घेतलं. न घेऊन करतात काय, पोर हातपाय झाडत होतं. मांडीवरची पर्स आज कुठे होती, हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं.

"संध्याकाळी आठला येते," ती म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"अगं, पण हा झोपायचा कसा?" मागून आवाज आला. आवाजात राग होता, पण घाबरगुंडी जास्त. "ते तरी सांगून जा!"

"खांद्यावर टाका आणि चालत राहा. बसलात की उठेल."

"किती वेळ?"

"तो सांगेल," मास्तरीण म्हणाली, आणि लिफ्टमध्ये शिरली.