दुसऱ्याचा उपास

मी परप्रांतातल्या शिकाऱ्यांना मावळातलं रान दाखवायचो. आमच्या वाडीची रीत होती: आपल्या गोळीनं जखमी झालेलं जनावर सापडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. एका पाहुण्यानं सांबराच्या पोटात गोळी घातली, सांबर रानात पळालं आणि त्यानं तिथंच जेवणाचा डबा उघडला. संध्याकाळी लोणावळ्याहून गाडी धरून तो गेलाही.

त्याचा उपास मी धरला. तिसऱ्या दिवशी सांबर ओढ्यात पडलेलं सापडलं, अजून जिवंत. कोयत्यानं त्याला वेदनेतून सोडवलं. घरी येऊन भाकरी खाल्ली. चव लागली नाही.

पुढं प्रत्येक शिकाऱ्याला मी आधी विचारायचो, "किती दिस उपाशी ऱ्हाल?" जो हसायचा, त्याला दिवसभर जनावर नसलेल्या रानातून हिंडवून आणायचो.