वाचून दाखवलेला जबाब

त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबईच्या दंगलीत माझ्या मुलाला मारलं. मी समोरच्या घरातून बघितलं. तो लाकडाच्या वखारीत कामाला होता. दारातच त्याला धरलं. आधी मानेवर तलवार मारली, मग पोटात. तो मेला नव्हता. तसाच उचलून लाकडांवर टाकला, रॉकेल ओतलं आणि पेटवला.

घर शेजारणीचं होतं. ती हिंदू. मी ओरडणार हे ओळखून तिने माझ्या तोंडावर हात दाबला आणि मला खिडकीखाली बसवलं. मी तिचा तळवा चावला. रक्त तोंडात आलं, तरी तिने हात काढला नाही. काढला असता तर दोघी गेलो असतो.

कर्फ्यू उठल्यावर तिच्या नवऱ्याने मला कांद्याच्या रिकाम्या टेम्पोतून वाशी मार्केटपर्यंत आणून सोडलं. तिथून मी खांदेश्वरजवळच्या आमच्या गावी भावाकडे आले. सून तिथेच होती. ती भावाचीच मुलगी, मी तिची फुफी, म्हणजे आत्या. आम्हा कोकणी मुसलमानांत अशी लग्नं होतात. बाप आजारी म्हणून माहेरी आली होती, म्हणून वाचली. मी दारातच सांगितलं, "तुझा नवरा मेला."

"मय्यत कुठं हाय?"

"नाही."

"मग मेला कशावरून बोलतेस, फुफी?"

मी बघितलं, एवढंच म्हणाले. पुढचं तोंडातून निघेना. आपल्या भाचीला ते कसं सांगायचं?

तिने बांगड्या काढल्या नाहीत, गळ्यातली काळी पोत काढली नाही. नवरा मेल्यावर आमच्यात बाई चार महिने दहा दिवस इद्दतीला बसते, घराबाहेर पडत नाही. ती म्हणाली, "जित्या माणसाची इद्दत करू काय?" रोज त्याच्या वाटणीची तांदळाची भाकरी झाकून ठेवायची. एक बाई भेटायला आली आणि तिने गळा काढला, तर हिने तिला पळी फेकून मारली. बाईचं कपाळ फुटलं. मग कोणी येईना. ही दिवसभर ओट्यावर, नजर रस्त्यावर. अशीच म्हातारी होईल, असं मला दिसत होतं.

मुंबईत घरं जळून आलेली माणसं आमच्याकडच्या अर्धवट बिल्डिंगांत राहत होती. त्यांच्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात मदतीचे अर्ज घेत होते. अर्ज बायकोच्या नावाने लागे, म्हणून मी तिला ओढतच नेलं. टेबलावर बाजूच्या गावचा क्लार्क होता. प्रत्येकाचा जबाब लिहायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा, मग सही घ्यायचा.

आमचा नंबर आल्यावर त्याने विचारलं, "मावशी, बॉडी गावली का?"

"नाही."

"मंग बेपत्ता लिवतो."

सून हसली. "बघ फुफी. सरकारपन बेपत्ता बोलतंय."

ती हसली आणि माझं डोकं फिरलं. मी तिला लोटा दिला, नळावर पाठवलं. क्लार्कला म्हटलं, "मी डोळ्यांनी बघितलंय. लिही." त्या परक्या माणसाला सगळं सांगता आलं. तो लिहीत होता, मध्येच थांबत होता. मागची बाई ओरडली, "आटपा की! तुमच्याच घरचं मेलंय काय? आमचे दोन गेलेत."

सून पाणी घेऊन आली. क्लार्कने माझ्याकडे बघितलं.

"हिच्यासमोर वाचू?"

"सगळ्यांसमोर वाचतोस ना? वाच."

त्याने वाचलं. "सदर इसमास मानेवर व पोटावर तलवारीने वार करून, जिवंत असताना लाकडांवर टाकून पेटविण्यात आले. सासूने समक्ष पाहिले."

"जिवंत असताना?" तिने मला विचारलं.

"हो."

पितळेचा भरलेला लोटा तिने माझ्या तोंडावर हाणला. दाढ तुटली. परत हाणला. "बघत बसलीस? बघत बसलीस तू?" बायका धावल्या. मी म्हटलं, "कोणी धरू नका तिला." मग लोटा टाकून तिने दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर आपटली. बांगड्या फुटल्या तरी आपटतच राहिली. काचा कागदावर पडल्या.

क्लार्क उठून उभा राहिला होता. काचा झटकून कागद उचलला आणि म्हणाला, "याला रक्त लागलं, मावशी. हा चालनार नाय. दुसरा भरतो." दुसऱ्या अर्जावर त्याने जबाब दोन ओळींत आटपला. वर 'बेपत्ता'च लिहिलं. सुनेने मनगटाला ओढणी गुंडाळून सही केली. मदत काही आली नाही.

घरी येऊन तिने पोत काढली. झाकलेली भाकरी कुत्र्यापुढे टाकली आणि आतल्या खोलीत इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. मी जेवण नेऊन ठेवायचे, ती जेवायची.

पुढे उरणकडचं स्थळ आलं. तिने आधी मला विचारलं. मी म्हटलं, कर. निकाहाला गेले, एकाच बाजूने चावत पोटभर बिर्याणी खाल्ली.