नत्थुजींनी न ठेवलेला खडा

मंगळवार, ६ मार्च १९६२. ऊन कडक. नत्थुजी आले. त्यांनी अंगणात जंगल मांडले, मी कागदावर उतरवले. दुपारी पापड वाळवले.

तेव्हा माझे यजमान बार्शीटाकळीकडच्या डोंगरात रेंजर होते. वाघिणीला दोन पिल्ले झाली होती, म्हणून जंगलाचा काही भाग गुरांना बंद करायचा होता. कोणता, ते गावालाच विचारायचे असा त्यांचा आग्रह. नत्थुजी गावचे म्हातारे गुराखी. अक्षरओळख नव्हती, पण वाघिणीची प्रत्येक वाट पाठ.

"तिले जगू द्या साहेब. ती हाय तं डुकरं माह्या ज्वारीत येत नाईत."

खडा म्हणजे वाघिणीची जागा, ज्वारीचे दाणे म्हणजे गुरांची. मांडता मांडता ते हसले, "तुमचा कागद घडी केला का डोंगर मोडते. माहा नाई मोडत."

एका नाल्यापाशी त्यांनी काहीच ठेवले नाही. "इथे काय?" मी विचारले. ते दुसरीकडे पाहू लागले. मी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'मोकळी जागा. चराई चालेल.' गावच्या सभेत चराईबंदीचा ठराव वाचला गेला, नकाशा कोणी वाचून दाखवला नाही. नत्थुजींनी अंगठा दिला.

एप्रिलमध्ये, कागदावर चराई मोकळी म्हणून, शेजारच्या गावची गुरे त्या नाल्यात उतरली. वाघिणीने गाय मारली. मालकाने मेलेल्या गाईत विष भरले. वाघीण आणि दोन्ही पिल्ले तिथेच मेलेली सापडली.

तिसऱ्या दिवशी नत्थुजी आले, पायरीखालीच थांबले.

"बाईसाहेब, माह्या भावाले जनावरानं तिथूनच नेलं. ती जागा आमच्या घरात कोणी दाखवत नाई, नावबी घेत नाई. तुमी काहून लिवलं?"

"तुम्ही गप्प राहिलात. मला वाटलं, तिथे काही नाही."

"काही नसतं तं मी दाणे नसते टाकले?"

त्यांनी अंगठा पुढे केला. "हा त्या कागदावरून काढून द्या."

कागद अमरावतीच्या कचेरीत गेला होता. तसे सांगितले. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. बाजारात दिसले की अंगठा मुठीत मिटलेला असे.

आता यजमान नाहीत, ते अंगणही नाही. तरी सडा घालताना कुठेतरी एक जागा कोरडी राहिली असे वाटते, आणि मी परत पाणी टाकते.

नत्थुजी पायरीखालून परत गेले, त्या संध्याकाळची माझ्या रोजनिशीतली नोंद एका ओळीची आहे: रॉकेल संपले, शेजारून अर्धी बाटली आणली.