आठ दिवसांत उतरेल

भडगावहून जळगावला जाताना वाटेत जेवढे पेट्रोलपंप लागतात, तेवढ्या ठिकाणी भिकननानांची व्हॅन हळू व्हायची. तेल भरायला नव्हे. नाना खिडकीतून मान बाहेर काढायचे, पंपावरच्या पाटीवरचा भाव ओठ हलवत वाचायचे आणि पुन्हा गिअर टाकत म्हणायचे, "तोच शे." मागे बसलेले आम्ही हसायचो. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावरच्या दोन पंपांत असा कितीसा फरक असणार? पण नानांना फरक बघायचाच नसायचा. "एखादा पंपले पहिले समजी ना सर," ते मला म्हणायचे. भाव उतरल्याची बातमी कुठल्यातरी एका पंपाला आधी पोहोचेल आणि ती आपल्या नजरेतून सुटू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या किडन्या निकामी झाल्या त्या वर्षी नाना आमच्या आयुष्यात आले. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सांगितलं होतं. जवळच्या केंद्रात नंबर लागत नव्हता, म्हणून जळगाव. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट होतं, पण तिथवर जाणं फुकट नव्हतं. एसटीने जाऊन पाहिलं. जाताना ठीक, पण येताना रक्तदाब खाली गेलेला, पाय लटपटणारे, आणि बसमध्ये उभं राहायलाही जागा नाही. पाचोऱ्याच्या स्टँडवर आबा माझ्या अंगावर कोसळले, तेव्हा तिथल्याच एका रिक्षावाल्याने सांगितलं, "अहो, त्या भिकननानाला भेटा ना. किडनीवाल्यांची गाडी त्याचीच."

नाना साठी ओलांडलेले, काटकुळे, डोक्याला पांढरा रुमाल. गाडी चालवताना उजव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सारायचे. अनवाणी पायाला पेट्रोल कळतं, असं त्यांचं म्हणणं. "चप्पल आडी उनी का पाय आंधया व्हई जास." उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकायचे. तसं करू नये हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं, आणि ते दहाही वेळा "बरं सर" म्हणून पुन्हा तेच करायचे.

त्यांच्या बायकोलाही हाच आजार होता. तिला जळगावला नेण्यासाठी त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली आणि जाता जाता आणखी तीन पेशंट बसवायला लागले. बायको गेली. मी एकदा विचारलं, "नाना, त्यानंतरही तुम्ही हे चालूच कसं ठेवलंत?" ते म्हणाले, "ती गई. पन गाडीले रस्ता पाठ व्हई गया." भाडं ते घेत नसत. पेट्रोल जेवढं लागेल तेवढं चौघा पेशंटांनी सारखं वाटून घ्यायचं. पाचवा कोणी घेतला असता तर सगळ्यांचा वाटा उतरला असता, पण येताना पेशंटला पाय पसरायला जागा लागते म्हणून चारच.

त्या चौघांत वत्सलाअक्का होती. भडगावच्याच बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, नवरा नाही, मुलगा सिद्धार्थ एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला. अक्का उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड, करून विकायची. तिला मीठ बंद होतं, पण गाडीत आम्हा सोबत्यांसाठी डबाभर भाजून आणायची आणि आम्ही खाताना टक लावून पाहायची. "कशी व्हयनी? मीठ बराबर शे ना?" स्वतःच्या हातचं मीठ तिला दुसऱ्याच्या तोंडून विचारावं लागायचं. डायलिसिसच्या माणसाला पाणीही मोजूनच. खानदेशातला मे महिना, गाडीत एसी लावायचा नाही असा नियम, आणि अक्का बर्फाचा एक खडा गालात धरून पाचोऱ्यापर्यंत यायची.

त्या उन्हाळ्यात पेट्रोलचा वाटा अक्काला जड व्हायला लागला. तिने नानांना सांगितलं की आता दोनदाच जमेल. नाना ऐकेनात. "तीन म्हंजे तीन," ते म्हणाले. पण त्याच आठवड्यात बातम्या सुरू झाल्या. जगात कच्चं तेल घसरलं. दुसऱ्या दिवशी आणखी घसरलं. नानांचा चेहरा असा उजळला, की जणू तेलाची विहीर त्यांच्याच दारात लागली होती. गाडी चालवता चालवता आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही तर हाईच शिकाडतस. कच्चं तेल उतरनं म्हंजे पेट्रोल उतरी ना?"

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाला पैसे, सुट्टीला काही नाही. त्या क्षणी माझ्या मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि मी मान वर न करता म्हणालो, "उतरेल की. आठ-पंधरा दिवसांत उतरेल. कच्चा माल स्वस्त झाला की पक्का माल स्वस्त होतोच." अकरावीच्या पुस्तकातलं वाक्य होतं ते. त्यावर मी गुण देत होतो.

परतीच्या वाटेवर अक्का उतरली तेव्हा नाना तिला हात धरून दारापर्यंत सोडायला गेले. मी गाडीतूनच ऐकलं. "अक्का, आठ दिवस दोनदा ये. पेट्रोल उतरी राह्यनं. उतरनं का परत तीनदा. सरनी सांगेल शे." अक्का हसून म्हणाली, "आठच दिवस ना? काढी लेसू."

आठ दिवस झाले. तेल आणखी उतरलं. पंपावरची पाटी हलली नाही. नाना प्रत्येक पंपावर मान बाहेर काढायचे आणि आत घ्यायचे. पंधरा दिवस झाले. "तोच शे" हे शब्द आता ते मोठ्याने म्हणत नव्हते. अक्काच्या पायांवर सूज आली, चार पायऱ्या चढली की धाप लागायची, तरी तीच नानांची समजूत काढायची, "येई येई, खाले येई भाव, तू जीव नको जाळू." तीनदा ये असं म्हणायला नानांची जीभ रेटेना, कारण तिच्याकडे ते पैसे नाहीत हे त्यांना माहीत होतं. मी तुझा वाटा भरतो, असंही त्यांनी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "आते दोन दिवससाठे कायले उपकार?"

एका मंगळवारी सकाळी आम्ही तिच्या दारात हॉर्न वाजवला आणि सिद्धार्थ बाहेर आला. पहाटे तिला तहान आवरली नव्हती. तांब्याभर पाणी प्यायली होती. ते पाणी छातीत भरलं, आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं.

त्या दिवशीही बाकीच्या तिघांचं डायलिसिस होतंच. ते चुकवून चालत नाही. गाडी निघाली. चौथी जागा रिकामी होती आणि पेट्रोलचे आता तीनच भाग होणार होते. प्रत्येकाच्या मनात तो हिशेब आला, माझ्याही आला, आणि मला माझीच शिसारी आली. नानांनी मात्र त्या दिवशी एकाही पंपाकडे पाहिलं नाही.

मी मग वाचायला बसलो. जे आधी वाचायला हवं होतं ते. आठवडाभराने नानांच्या ओट्यावर जाऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं. पेट्रोलच्या भावात तेलाचा भाग थोडा आणि कराचा मोठा. दिल्लीचा कर लिटरमागे ठरलेला, तेल कितीही उतरलं तरी तो उतरत नाही. उलट तेल उतरतं तेव्हा कधी कधी तो हळूच वाढवतात, म्हणजे स्वस्ताई तिजोरीत जाते आणि पाटी जागच्या जागी राहते. त्यावर राज्याचा कर वेगळा. कंपन्या म्हणतात, मागे महाग असताना आम्ही तोटा सोसला, तो आता भरून काढतो. तेल डॉलरमध्ये घ्यायचं, रुपया पडला की उरलेली स्वस्ताई तिथे जाते. नाना मांडी घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "म्हंजे जगमा खरंच स्वस्त व्हयेल शे?"

"हो नाना. खरंच."

"पाटना पानीसारखं," ते म्हणाले. "धरनमातून सुटस खरं. वरला लोकेस्ना वावरमा जिरी जास. शेवटला गडी बांधवर बशी राहस." मग म्हणाले, "आनि महाग व्हयनं तर? तव्हय कोनी मधमा जिरू देत नही?"

"तेव्हा बहुतेक थेट आपल्यापर्यंत येतं."

"हाई तुम्ही तव्हय सांगाले जोयजे व्हतं, सर." राग नव्हता त्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

अक्काच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे गेलो. वंदना झाली. मग श्रद्धांजलीसाठी एकेक जण उठला. कोणी तिच्या कष्टांबद्दल बोललं, कोणी तिच्या हातच्या बिबड्यांबद्दल. नाना बोलणारे नव्हते, पण उठले. माइक पुढे केला तो त्यांनी हाताने बाजूला सारला. "अक्काले दोनदा ये आसं मी सांगं," ते म्हणाले. "भाव उतरी आसं मी सांगं. ती मना शब्दवर थांबनी. हाई सगळास्ले माहीत पाहिजे." सिद्धार्थ उठून त्यांच्याजवळ गेला, त्यांचे हात धरून म्हणाला, "नाना, तुम्ही काय करनार व्हतात? आईनं आयुष्य तितलंच." नानांनी हात सोडवून घेतले. त्यांना माफी नको होती. कोणीतरी 'हो, तुझं चुकलं' असं म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायला तिथे कोणी तयार नव्हतं.

मी चौथ्या ओळीत बसलो होतो. 'भाव उतरेल' हे वाक्य मुळात माझं आहे, नानांनी मला विचारलं होतं, एवढंच उठून सांगायचं होतं. माझी मांडी सुटली नाही. कॉलेजातले दोघे-तिघे शेजारी होते, म्हणून असेल. भेकड होतो म्हणून, हे जास्त खरं.

त्यानंतर नाना बदलले. "पाऊस येईल का नाना?" विचारलं तरी म्हणायचे, "माले माहीत नही." "किती वाजता पोहोचू?" "माले माहीत नही." पुढचं काही सांगणंच त्यांनी सोडून दिलं. एक मात्र केलं. तिसऱ्या फेरीचं पेट्रोल कोणाकडूनही घ्यायचं नाही, असं ठरवून टाकलं. दोन फेऱ्या तुमच्या, तिसरी माझी. त्यासाठी मधल्या दिवसांत ते केळीचे घड वाहायला लागले. मागची सीट काढायची, घड भरायचे, सीट पुन्हा बसवायची. गाडीला केळीचा चिकट वास यायला लागला. ती जुनी व्हॅन तेवढ्या वजनाची नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. दिवाळीनंतर एका दुपारी जळगावहून परतताना म्हसावदजवळ इंजिनातून धूर निघाला आणि गाडी बसली ती बसलीच. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, पाहिलं, बंद केलं. नानांनी सीटखालची चप्पल काढली, पायात घातली आणि आबांना हाताला धरून रस्त्याच्या कडेला सावलीत नेऊन बसवलं.

गाडी भंगारात गेली. नानांची मुलगी सुरतेला असते, जावयाने तिथे एका सोसायटीत वॉचमनचं काम बघितलं होतं. ते जाणार होते त्या दिवशी आबांना घेऊन मी एसटीने जळगावलाच आलो होतो. आबांना यंत्राला जोडलं की चार तास मोकळे. मी स्टेशनवर गेलो. नाना फलाटावर एका पिशवीवर हात ठेवून बसले होते. सुरतेची गाडी यायची होती.

मी त्यांच्याजवळ बसलो आणि इतके महिने मनात साचलेलं ते एकदाचं बोललो. "नाना, त्या दिवशी मंडपात मी उठायला हवं होतं. उतरेल म्हणून सांगणारा मी होतो."

"माले माहीत शे," नाना म्हणाले. "म्हनीसन तर मी तुमनं नाव लिनं नही. तुमले नोकरी करानी शे त्याच गावमा." मग रुळांकडे बघत म्हणाले, "तुम्ही पुस्तक दखतस सर. मी तर रोज पंप दखू. ती पाटी कधी खाले येत नही, हाई माले तुमनापेक्षा जास्त माहीत व्हतं. तरी मी तुमनं ऐकं. काबरं, तर माले तेच ऐकानं व्हतं."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात गाडी आली. गर्दी नव्हती, त्यांना खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"सर, आबाना आज या हप्तामाना तिसरा शे ना?"

"हो नाना," मी म्हणालो. "तिसरा."

"चुकाडू नका."

"नाही चुकवणार."

त्यांनी हात सोडला. गाडी हलली. तो शनिवार होता आणि आबांचं त्या आठवड्यातलं ते दुसरंच डायलिसिस होतं. व्हॅन गेल्यापासून आम्ही दोनदाच येत होतो.