मावशींच्या जोडाची चमक

कंप्युटरचे बोर्ड बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशींच्या टेबलावरचं काम कधी परत आलं नाही. तपासणारी पोरगी भिंगातून बघायची आणि म्हणायची, "मावशींचे जोड म्हणजे आरसाच!"

"मग तोंड बघून घे आणि पुढं सरक," मावशी मान वर न करता म्हणायच्या.

त्यांची एक रीत होती. एका हातात तापलेली सोल्डरिंग गन, दुसऱ्यात चिमटा आणि जोडावर वितळवायची सोल्डरची तार दातांत. मान पुढं काढून तारेचं टोक बरोबर जागेवर टेकवायचं. जुन्या साऱ्याच बायका तसं करायच्या. तिसरा हात द्यायला देव विसरला म्हणून दात दिलेत, असं मावशींचं म्हणणं.

मग एक दिवस साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. शिशाची तार आजपासून बंद, आता ही नवी, बिनशिशाची.

"आपली मशीन लोक वापरतात आणि फेकतात. भंगारात ती फुटते, जळते. शिसं मात्र कुठं जात नाही. मातीत उतरतं, पाण्यात उतरतं. बायांनो, पोटातल्या बाळापर्यंत पोचतं ते."

"माझी दोन पोरं याच तारेवर वाढली," मावशी पुटपुटल्या. मधलं एक पोटातच गेलं होतं, ते त्या बोलल्या नाहीत. कशानं गेलं, हे तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं.

नवी तार हट्टी निघाली. लवकर वितळेना, आणि थंड झाली की जोड राख फासल्यासारखा मळकट. साहेब म्हणाले, हा असाच दिसतो, पक्का असतो. मावशींना ते पटलं, पण हाताला पटेना. मळका जोड म्हणजे कच्चा जोड, हे त्यांच्या बोटांत मुरलेलं. शेवटी त्यांनी खणातल्या फडक्याखाली जुन्या तारेचं एक रीळ दडवलं. नव्या तारेनं जोड मारायचा आणि वरून जुन्या तारेचा एक टिपका. लगेच चकचकीत!

शेजारच्या खुर्चीवर त्यांची सून बसायची. नुकतीच कामाला लागलेली, आणि पोट दिसायला लागलेलं. सासूचा हात बघून बघूनच ती शिकत होती.

एका दुपारी मावशी पाणी पिऊन आल्या आणि जागीच थबकल्या. खण उघडा. सून बोर्डावर वाकलेली, मान अगदी त्यांच्यासारखी पुढं काढलेली, दातांत जुनी तार.

"आई, बघा ना, तुमच्यासारखा चमकला!" ती दात न उघडताच म्हणाली.

मावशींनी तार हिसकली. "थुंक! आधी थुंक ते!"

"अहो, तुम्ही तर रोज—"

"माझं मरू दे. ऊठ, चूळ भर. हात साबणानं धू."

सून घाबरून नळाकडं गेली. मावशी रीळ मुठीत धरून बसून राहिल्या. कचऱ्यात टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण दाराशी त्यांच्या बोर्डांची खोकी रचलेली होती, वर 'शिसं नाही' अशी चिठ्ठी. ती कुणाच्या तरी घरी जाणार, मग भंगारात, मग कुठल्या तरी विहिरीत. तिथंही कुणाची तरी सून पाणी भरत असेल.

त्या उठल्या आणि रीळ साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ती खोकी पाठवू नका. माझी सगळी."

"अहो मावशी, सगळ्यात देखणं काम तुमचंच की!"

"म्हणूनच म्हणते."

साहेबांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते ओरडले नाहीत, त्याचंच मावशींना जास्त लागलं. खोकी मागं गेली आणि मावशी शिकाऊंच्या रांगेत. तिथं तार धरायला एक स्टँड दिलं.

"मावशी, चमक गेली की तुमची," तपासणारी पोरगी भिंग लावून म्हणाली.

"चमक कसली बघतेस? जोड चहूकडून धरलाय का ते बघ."

"धरलाय."

मावशींनी पुढचा बोर्ड ओढला. मान सवयीनं पुढं झुकली, आणि रिकामे दात एकमेकांवर टेकले.