खालाचा बटवा

निजामाचं राज्य संपवणारं पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. भोकरदनला मुलींची मराठी शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि तिथं मला नोकरी लागली. माझं वय एकोणीस, शिक्षण सातवी पास. शाळा म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या. एकीत मोठ्या बाई पहिली-दुसरी घ्यायच्या, दुसरीत मी तिसरी-चौथी. मुली शाळेत उशिरा आलेल्या, म्हणून माझ्या खोलीत दहापासून तेरा वर्षांपर्यंतच्या मुली मांडीला मांडी लावून बसायच्या.

त्यांत एक शेतकऱ्याची मुलगी होती, बारा वर्षांची. रोज सगळ्यांच्या आधी येऊन खोली झाडून ठेवायची. एका सोमवारपासून ती यायची बंद झाली. तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

तिची आई दारात तूर पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय सांगू बाई, पोरीनं जीव काढला आमचा."

झालं होतं ते असं. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती, कुणाशी बोलली नव्हती. पहाटे उठून केळणा नदीवर जायची, परकर धुवायची आणि ओलाच नेसून यायची. तिसऱ्या दिवशी ती घरी आलीच नाही. दिवसभर शोधाशोध झाली. दिवस मावळताना ती नदीच्या पलीकडं एका बाभळीखाली बसलेली सापडली. दोन वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण पटकीनं गेली होती. आपल्यालाही तसाच काही रोग झालाय, आपण आता जाणार, असं तिनं धरलं होतं. तान्ह्या भावाला आपला रोग लागू नये म्हणून ती घर सोडून लांब जाऊन बसली होती.

"तुम्ही तिला आधी काही सांगितलं नव्हतं?" मी विचारलं.

"काय सांगावं बाई? आम्हाला तरी कुणी सांगितल्तं? कावळा शिवला म्हन्ले अन् बसवलं कोपऱ्यात."

माझंही तसंच झालं होतं. 'कावळा शिवला' हे मी शब्दशः धरून बसले होते. शिवताना तो मला दिसला कसा नाही, याचाच विचार करत राहिले आणि पुढं कित्येक दिवस कावळा दिसला की आडोशाला पळायची.

मुलगी गोठ्याच्या कडेला गोणपाटावर बसली होती. मी जवळ जाऊन बसले तशी ती मागं सरकली. "शिवू नका बाई."

"मला काही होत नाही," मी म्हणाले आणि तिचा हात हातात घेतला.

"मी मरनार न्हाई ना?"

"नाही गं."

"आई बी हेच म्हन्ती. पन का मरनार न्हाई, ते सांगत न्हाई. रक्त येऊन राह्यलंय, ते येतं कुठून?"

आणि माझ्या ध्यानात आलं, की ते मलाही ठाऊक नाही. पाढे, नद्या, पर्वत सगळं शिकवत होते आणि सात वर्षं दर महिन्याला जे भोगत होते, त्याबद्दल मुलीला सांगायला माझ्याकडं एक वाक्य नव्हतं. "विचारून येते," एवढंच म्हणाले आणि उठले.

विचारायचं कुणाला? मोठ्या बाईंना विचारायची हिंमत होईना. शेवटी मी सुईणीकडं गेले. तिला सगळं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. मुसलमान मोहल्ल्यात तिचं घर, पुढं लहानसं अंगण. हिंदू, मुसलमान, मारवाडी, कुणाचंही घर असो, अडलेल्या बाईला तीच लागायची. मी चाचरत विचारलं, तर तिनं कपाळावर हात मारला.

"मास्टरनी होके इत्ता बी नै मालूम?"

मंग मात्र तिनं मला बसवून बराबर सगळं समजावलं. मी म्हणाले, "खाला, हेच पोरींना सांगाल का? शाळेत याल का?"

"शाळेत न्हाई," ती म्हणाली. "हितं, माझ्या अंगनात. शनवारी शाळा सुटली की. अन् पैले त्यांच्या आयांना पुसू. चोरून न्हाई करायचं. मी बी येते तुझ्यासंगं."

आम्ही दोघी घरोघर गेलो. खालाला बघून आया माझ्यापेक्षा मोकळ्या बोलत. मारवाडी दुकानदाराची बायको घुंगटाआडून म्हणाली, "पाठवते, पण दुकानापर्यंत बात जाऊ देऊ नका." एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी मात्र मुलीची आजी कडाडली, "शाळेत हे शिकवून राह्यले का आता?" दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलगी शाळेतच आली नाही. हे माझ्या हातून झालं. आज म्हातारपणीही तिची रिकामी जागा मला दिसते. पुढं पुष्कळ दिवसांनी कळलं, की बाभळीखाली सापडलेली ती मुलगी दर रविवारी नदीवर धुणं धुताना ह्या मुलीला गाठायची आणि शनिवारचं सगळं जसंच्या तसं सांगायची.

पहिल्या शनिवारी सात मुली आल्या. सगळ्यांच्या माना खाली. खालानं सुपारीचा रिकामा बटवा आणला होता. त्याची नाडी सैल करून तिनं तो उलटा केला. आत लाल खणाचं अस्तर होतं.

"तुमच्या पोटात असा बटवा आहे. पोर व्हायचं तर ते ह्याच्यात ऱ्हातं. म्हनून दर महिन्याला आतून नवं अस्तर लागतं. पोर ऱ्हायलं न्हाई, तर ते अस्तर गळून जातं. तेच ते रक्त. जखम न्हाई, रोग न्हाई, गुन्हा तर बिलकुल न्हाई."

मंग बाभळीखालची ती म्हणाली, "म्हंजे माझ्या आत काई फाटलं न्हाई?"

"नै बेटी. क्या बी नै फटा."

ती रडायला लागली. बाकीच्या तिच्याकडं बघत राहिल्या आणि मारवाड्याच्या मुलीनं आपल्या ओढणीनं तिचे डोळे पुसले.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. पोट दुखलं तर काय करायचं? वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेका. पाळीच्या कापडाच्या घड्या सगळ्याजणी लाजेनं सरपणाखाली वाळवायच्या. खालानं सक्त सांगितलं, साबण लावून धुवा, उन्हात टाका, लाज वाटली तर वरून लुगडं पसरा, पण ऊन खाऊ द्या. एकीनं विचारलं, "पापडाला हात लावला की पापड लाल पडतात, खरंय?" खाला म्हणाली, "घरात भांडू नका. बसवलं तर बसा. पन मनात भिऊ नका." मला ते उत्तर तेव्हा अर्धवट वाटलं होतं. आता वाटतं, त्या घरांत परत जाऊन राहायचं होतं त्या मुलींना, आणि खालाला ती घरं ठाऊक होती.

उन्हाळ्याच्या तोंडी परीक्षा घ्यायला शाळा तपासणीचे साहेब आले. खुर्चीवर बसून एकेकीला उभं करत होते. तिसरीतली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी सतराचा पाढा म्हणत होती. ती मधेच अडखळली. माझी नजर तिच्या परकराकडं गेली. त्यावर लाल डाग पडला होता.

तेवढ्यात मागच्या ओळीतून बाभळीखालची ती मुलगी उठली. "बाई, आम्ही पानी पिऊन येतो." तिच्यामागं शनिवारच्या बाकीच्या सहाजणी उठल्या. त्या छोटीभोवती गोळा झाल्या, दोघी पुढं, तिघी मागं, दोघी बाजूंनी, आणि तिला मधे घेऊन बाहेर पडल्या.

साहेब चक्रावले. "सगळ्यांना एकदम तहान?"

"ऊन फार आहे साहेब," मी म्हणाले.

अर्ध्या तासानं सगळ्या परत आल्या. छोटीच्या अंगावर खालाच्या नातीचा परकर होता, पायात येत होता. तो एका हातानं वर धरून ती साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सतरा सक एकशे दोन म्हनून झालं होतं, साहेब. पुढचं म्हनू?"