लाईट चालू हाय

आमच्या भागात समोरून येणाऱ्या गाडीची लाईट दिवसा चालू दिसली की हात वर करायचा आणि पाची बोटं दोन-तीनदा मिटून उघडायची. शब्द लागत नाहीत. लाईट चालू राहिली आहे, बॅटरी उतरेल, बंद कर, एवढं सगळं त्या पंजात येतं. ही रीत कुणी कुणाला शिकवलेली नाही. बैलगाडीवाला करतो, एसटीचा ड्रायव्हर करतो, कडेवर लेकरू घेतलेली बाई बांधावरून करते. रीत चांगलीच आहे. फक्त ती पडली तेव्हा गाड्यांना लाईट बंद करायचं बटण असायचं.

माझ्या आत्ताच्या मोटारसायकलला ते बटणच नाही. इंजिन चालू झालं की लाईट लागते आणि इंजिन बंद केल्यावरच विझते. नव्या गाड्या सगळ्या तशाच येतात, दिवसाही समोरच्याला आपण दिसावं म्हणून. हे मला शोरूममध्ये नीट समजावून सांगितलं होतं. लोहारा तालुक्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. पदाचं नाव पशुधन पर्यवेक्षक, पण लोक डॉक्टर म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करायचं मी कधीच सोडून दिलंय. कुठं गाय अडलेली असते, कुठं शेळ्यांना लस टोचायची असते. रोज पन्नास-साठ किलोमीटर होतात, आणि तेवढ्यात तीस-चाळीस माणसं पंजा दाखवतात. सुरुवातीला मी थांबून सांगायचो, "गाडीच तशी हाय, बंद होत न्हाय." त्यावर एकजण म्हणाला, "मग परत द्या की कंपनीला." दुसरा तर गाडीवर वाकून बटण शोधायला लागला. पुढं मी नुसती मान हलवायला लागलो, आणि काही महिन्यांनी तेही बंद केलं. बेजार झालो होतो.

एवढ्या लोकांना माझी लाईट दिसते म्हणजे मी सगळ्यांना दिसत असणार, असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. उमरग्याला हायवे ओलांडताना एक मोटार उलट्या बाजूनं आली आणि माझ्या पुढच्या चाकाला चाटून गेली. एका ट्रॅक्टरवाल्यानं हात न दाखवता ट्रॅक्टर शेतात वळवला, तेव्हा मी ट्रॉलीच्या फाळक्याला तळहात टेकवून थांबलो होतो. लोहाऱ्याच्या स्टँडसमोर उभ्या जीपचं दार माझ्या तोंडावर उघडलं. दर वेळी मी शिव्या द्यायला तोंड उघडतो आणि समोरचा माणूस मनापासून म्हणतो, "दिसलावच न्हाय ओ, डॉक्टर." त्या जीपवाल्यानं तर सकाळीच मला पंजा दाखवला होता.

या वाक्याचा मला फार राग येतो. ऐंशी किलोचा माणूस, डोक्यावर लाल हेल्मेट, पुढं भगभगणारी लाईट, आणि दिसलावच न्हाय! नोकरीची आता तीनच वर्षं राहिलीत. पंचवीस वर्षं याच रस्त्यांवर काढल्यावर अंगात भांडायचं बळ राहत नाही. आरसा सरळ करायचा आणि पुढं निघायचं, एवढंच होतं.

घरी मी यातलं काही सांगत नसे, पण लोहाऱ्यात लपतं काय? बायकोला कुणीतरी जीपच्या दाराचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझं हेल्मेट घेऊन स्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडं गेली आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूला लाल-पिवळ्या चमकत्या पट्ट्या चिकटवून आली. औषधांच्या बॅगलाही चिकटवल्या. दवाखान्यात हसून हसून पुरेवाट. "डॉक्टर, ट्रॉली झालाव की तुमी, आता निस्ता ऊस भरायचा राहिला," असं शिपाई म्हणाला. मी घरी येऊन बायकोवर चिडलो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरं गेली पुण्याला. हितं आपुन दोघंच हाव. रिटायर हुईपर्यंत लोकांना दिसत ऱ्हावा, दुसरं म्या काय मागत न्हाय."

ती मागं बसलेली असली की पंजाला उत्तर तीच द्यायची. हात वर करून "हाय, हाय, चालूच हाय," असं म्हणायची, कुणी खुशाली विचारल्यासारखं. मला त्याचंही हसू यायचं आणि वैतागही यायचा.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका वस्तीवर एक म्हैस माझ्या हाताखाली दगावली. दोन दिवस खटपट केली होती. परत निघालो तर मागून एक म्हातारा मोटारसायकलवर हॉर्न वाजवत पाठीच लागला. मला वाटलं, आणखी कुणाचं जनावर अडलं. थांबलो. तो धापा टाकत जवळ आला आणि म्हणाला, "लाईट चालू हाय, साहेब. लई लांबून बघतूय." भला माणूस होता. मला मात्र तिथंच रस्त्यात मटकन खाली बसावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडं गेलो आणि लाईटला बटण बसवून द्यायला सांगितलं. तो नको म्हणत होता. "कंपनी मुद्दाम बटण काढायलीय, आन् तुमी बसवायलाव," म्हणाला. मी हट्टच धरला. त्यानं हँडलखाली, वरून दिसणार नाही असं, एक काळं बटण बसवून दिलं. त्यानंतर आठ दिवस मला एकानंही पंजा दाखवला नाही. इतका निवांतपणा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. बायकोला मी बटणाचं सांगितलं नाही.

त्या रविवारी आम्ही ढोकीला निघालो. तिची बहीण तिथं असते. उसाचे दिवस, कारखाना चालू, रस्त्यावर ट्रॅक्टरची रीघ. सकाळचं ऊन आमच्या पाठीवर होतं. बरंच अंतर गेल्यावर बायको मागून म्हणाली, "आज कुणी हात करंना का ओ?"

"सवय झाली आता लोकांना," मी म्हणालो.

ढोकी सात-आठ किलोमीटर राहिली असेल. ऊस उतरवून परत निघालेला एक रिकामा ट्रॅक्टर समोरून येत होता, मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी मोठ्यानं लावलेली. त्याच्या मागून एकदम एक दूधवाला बाहेर निघाला, थेट आमच्या बाजूला. ऊन त्याच्या तोंडावर होतं. तो डोळे बारीक करून आमच्याकडंच बघत होता आणि त्याला आम्ही दिसत नव्हतो. हे मी अजून विसरलेलो नाही. मी गाडी डांबरावरून खाली घातली. त्याच्या दुधाच्या कॅननं माझा आरसा तोडून नेला. गाडी काळ्या मातीत दहा-वीस हात फरफटली आणि सावकाश आडवी झाली. बायको ढेकळांत बसल्यासारखी पडली.

तिला कुठं काही मोडलं नव्हतं. कोपर खरचटलं होतं आणि बांगड्या फुटल्या होत्या. मी तिला उठवत होतो तोवर दूधवाला गाडी लावून पळत आला. तिशी-पस्तिशीचा माणूस, चेहरा पांढरा पडलेला. "दिसलावच न्हाय, मावशी," तो म्हणाला.

मग बायको त्याला जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "दिसलाव न्हाय? आरं, आमची लाईट दिवसाढवळ्या चालू आसती! समदा तालुका हात करून करून दमला, आन् तुला येकट्याला दिसली न्हाय? डोळे हाईत का खोबण्या?"

ऐकत ऐकत त्यानं आमची गाडी उचलली, उभी केली. आडवी पडूनही इंजिन चालूच होतं. तो समोर उभा होता, हँडल धरून. त्याची नजर लाईटवर गेली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघून पँटची माती झटकायला लागलो.

"माजंच चुकलं, मावशी," तो म्हणाला. "ऊन डोळ्यावर हुतं. माजीच चूक हाय." खांद्यावरची दस्ती काढून त्यानं आमची सीट पुसून दिली आणि गेला. त्याच्या दोन्ही कॅनना लाल-पिवळं रेडियम चिकटवलेलं होतं.

बायको पदर झटकत होती तेवढ्यात मी ते बटण दाबलं. सोमवारी मिस्त्रीकडून काढूनच टाकलं.

गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण बायकोनं ती ढोकीत बहिणीला सांगितली, मग शेजारणींना, मग फोनवर पोरांना. अजून कुणी घरी आलं की सांगते. प्रत्येक वेळी त्यात ते वाक्य येतंच, "आवो, आमची लाईट चालू आसून!" आणि त्या दूधवाल्याला ती आंधळा म्हणते, दारू प्यालेला असेल म्हणते. मी चहा पीत बसतो. मला लाज वाटते. आणि भीतीही वाटते, कारण ती अजून निर्धास्तपणे माझ्या मागं बसते ती त्या लाईटच्या भरवशावर. सांगितलं तर कदाचित बसणार नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिने गेले.

परवा पुन्हा ढोकीला निघालो होतो. त्याच रस्त्याला समोरून एक मोटारसायकल आली. दोन कॅन, त्यावर लाल-पिवळ्या पट्ट्या. चालवणाऱ्यानं तोंडाला दस्ती बांधली होती. जवळ आल्यावर त्यानं वेग कमी केला, आमच्या लाईटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात वर करून बोटं दोन-तीनदा मिटून उघडली. सावकाश, मान हलवत.

मागून बायकोचा हात सवयीनं वर झाला. "हाय, हाय, चालूच हाय!" पण या वेळी माझाही हात वर गेला होता.

तो निघून गेला. तिनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमी कवा कुणाला हात करत न्हाईत. वळखीचा हाय का त्यो?"

"व्हय," मी म्हणालो. "सांगतो."

आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली.